टाकीतली खिचडी

घर बांधताना माणसाने काही गोष्टी विचारपूर्वक एकमेकींपासून लांब ठेवल्या आहेत. चूल एकीकडे, संडास दुसरीकडे, अंथरूण तिसरीकडे आणि ओल्या चपला दाराबाहेर. मोटरहोम म्हणजे या सगळ्या शहाणपणावर बोळा फिरवून चारही गोष्टी पत्र्याच्या एका डब्यात कोंबायच्या, डब्याला चाकं लावायची आणि त्या प्रकाराला सुट्टी म्हणायचं. अलास्कात आम्ही नवराबायकोने अशी आठ दिवसांची सुट्टी घेतली. आजही कुणी "वॉव, अलास्का!" म्हणालं की आधी माझ्या नाकात एक वास येतो आणि मग हिमनद्या आठवतात. कधीकधी हिमनद्यांपर्यंत गाडी पोचतच नाही.

साल दोन हजार चार. आम्ही तेव्हा मिनेसोटात, ईडन प्रेरीला राहायचो. मी एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या कामावर होतो आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा राहून माझ्या पायांना गोळे आले होते. बायको घरी. तिच्या व्हिसावर तिला नोकरीची परवानगी नव्हती. पुण्यात ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. इथे सात वर्षं ती लायब्ररीत फुकट पुस्तकं लावत होती आणि अख्ख्या अपार्टमेंटमधल्या लोकांच्या मरायला टेकलेल्या कुंड्या जगवत होती. त्या जूनमध्ये तिच्या जुन्या कॉलेजातून ईमेल आली. जागा रिकामी होते आहे, जानेवारीपासून या, ऑगस्टअखेर कळवा.

तिने मला विचारलं, "तुला काय वाटतं?"

"मस्त!" मी म्हणालो. "मस्त संधी आहे. तुला योग्य वाटेल ते कर."

"ते मी करीनच. तुला काय वाटतं ते विचारतेय."

"मला काय... तू खूश तर मी खूश."

यावर तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर ती एरवी मावा पडलेल्या जास्वंदीसाठी राखून ठेवते.

मला काय वाटत होतं ते मला चांगलं माहीत होतं. ती जायला नको होती. रिकाम्या घरात परत येऊन मायक्रोवेव्हसमोर उभं राहायची कल्पनाच मला नको होती. पण 'जाऊ नकोस' म्हणालो असतो, तर पुढची वीस वर्षं तिच्या बुडालेल्या नोकरीचा धनी मी झालो असतो. आणि 'जा' म्हणायला जीभ वळत नव्हती. अशा वेळी 'मस्त' हा शब्द फार सोयीचा. त्याला चव नाही, वास नाही, आणि तो म्हटल्यावर कुणी पुढे काही विचारत नाही.

या शब्दाने मला आधीही एकदा गोत्यात आणलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात बायकोने मुगाच्या डाळीची मऊ खिचडी केली. मी मुंबईतल्या मासे खाणाऱ्या घरातला. आमच्याकडे खिचडी आजाऱ्याला देतात, तीही तो विरोध करू शकत नसेल तर. तो पिवळा, गिळगिळीत, ताटात पसरत जाणारा गोळा पाहून माझ्या अंगावर काटा आला. नवी बायको समोर बसून माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी म्हणालो, "मस्त." तेव्हापासून बारा वर्षं, मी दमून आलो की खिचडी, प्रवासाहून आलो की खिचडी, वाढदिवसाला श्रीखंड आणि वर खास माझ्यासाठी खिचडी. मी ती खात होतो, म्हणजे न चावता खाली ढकलत होतो.

तर मोटरहोम. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने अलास्काचे फोटो दाखवले. निळी हिमनदी, गाडीपुढे खुर्ची टाकून कॉफी पिणारी त्याची बायको वगैरे. मी घरी येऊन विषय काढला, आणि बायको लगेच तयार झाली. एवढ्या पटकन ती तयार झाली तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

"चल," ती म्हणाली. "आठ दिवस एका डब्यात. तुला ऑफिस नाही, बेसमेंट नाही, क्रिकेटची वेबसाइट नाही. पळून जाशील कुठे? या आठ दिवसांत मला खरं उत्तर हवं. नाही दिलंस तर मी माझ्या मनाने कळवून टाकीन, आणि मग त्यावर तू जन्मात एक अक्षर बोलायचं नाहीस."

"मस्त," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

अँकरेजला गाडी ताब्यात घेतली तेव्हा भाड्याच्या ऑफिसातल्या च्युइंग गम चघळणाऱ्या बाईने आम्हाला गाडीभर फिरवलं. गॅस कसा पेटवायचा, पाणी कुठून भरायचं, दोन टाक्या कशा रिकाम्या करायच्या, एक बेसिनच्या सांडपाण्याची आणि एक मैल्याची. संडासाला हँडल नव्हतं, पायाने दाबायचं पेडल होतं. दाबलं की भांड्याच्या तळाची झडप उघडायची आणि सगळं थेट खालच्या टाकीत. ती म्हणाली, "एकच नियम लक्षात ठेवा. कागद सोडला तर या भोकात फक्त तेच जाईल जे आधी तुमच्या पोटातून गेलंय. आणि पाणी भरपूर ओता." मी इंजिनियर असल्यामुळे तिचं बोलणं संपायच्या आधीच मान डोलावली.

आतमध्ये जमिनीवर गालिचा होता. ज्या माणसाने फिरत्या गाडीत, जिथे लोक चिखलाचे बूट घालून स्वयंपाक करतात तिथे, गालिचा टाकला, त्याला मला एकदा भेटायचं आहे. त्या गालिच्याला ओल्या कुत्र्याचा, जुन्या चरबीचा आणि कुणाच्या तरी पायांचा एकत्रित वास होता. गादीवर एक डाग होता. त्याचा आकार साधारण ऑस्ट्रेलियासारखा. बायकोने नाकाला रुमाल बांधून दोन तास सगळं जंतुनाशकाने पुसलं आणि वर घरून आणलेल्या चादरी अंथरल्या. त्यामुळे ओल्या कुत्र्याचा वास जाऊन ओलं कुत्रं हॉस्पिटलात भरती केल्याचा वास आला. मग तिने सुटकेस उघडली आणि त्यातून पाच लिटरचा कुकर, किलोभर मुगाची डाळ, आंबेमोहोर तांदूळ, गोडा मसाला आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला कढीपत्ता बाहेर काढला. कढीपत्ता तिच्या खिडकीतल्या कुंडीतला होता. मिनेसोटातले बर्फाचे सहा महिने तिने त्या झाडाला पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं.

"बाहेरचं खाऊन तुझं पोट बिघडायला नको," ती म्हणाली. मी कुकरकडे पाहिलं. दोन माणसं आणि पाच लिटर.

पहिले दोन दिवस आम्ही दक्षिणेला कीनाय नदीच्या काठाने गेलो. ब्रोशरमध्ये लिहिलं होतं की ऑगस्टमध्ये सॅमन मासे समुद्रातून उलटे पोहत आपल्या जन्मगावी येतात. ते अंडी घालून तिथेच मरतात, हे लिहिलं नव्हतं. काठभर मेलेले मासे. पांढरे पडलेले, सोललेले, डोळे सीगल पक्ष्यांनी खाल्लेले, कातडीची लक्तरं पाण्यात हलताहेत. बायको रुमाल लावून म्हणाली, "परत फिरू या." मी म्हणालो, "अगं, मी माशांच्या वासात वाढलोय. आमच्या बाजारात ये एकदा." असं म्हणून मी जवळून बघायला दोन पावलं पुढे गेलो. पायाखाली काहीतरी पिकलेल्या पपईसारखं फुटलं. मी घसरलो, ढोपरावर आलो, हात टेकला तो दुसऱ्या माशाच्या पोटात गेला. माशांच्या वासात वाढलेला तो माणूस पुढची दहा मिनिटं झाडाला धरून ओकत होता, आणि तेवढ्या वेळात त्याच्या मानेवर डासांनी जेवण उरकलं. अलास्काच्या डासांबद्दल मी एवढंच म्हणेन की मारल्यावर हात धुवावा लागतो.

त्या पहिल्याच संध्याकाळी मला बरं वाटावं म्हणून बायकोने खिचडी केली.

पोटात मळमळ, नखांत माशाचा वास, आणि ताटात ते. तिने स्वतःचं जेवण उरकलं आणि दुर्बीण घेऊन पक्षी बघायला बाहेर गेली. "सगळी संपव," जाता जाता म्हणाली, "टाकायची नाही. इथे बाहेर खरकटं टाकलं तर अस्वलं येतात." खरंच तशी पाटी होती. मी कुकर घेऊन कॅम्पातल्या कचऱ्याच्या पेटीकडे गेलो. अस्वलांना उघडता येऊ नये म्हणून ती खास बनवलेली लोखंडी पेटी. मी ओढून पाहिली, ढकलून पाहिली, शेवटी लाथ घातली. उघडली नाही. पलीकडून एक लहान मुलगी आली, तिने झाकणाच्या आत बोटं घालून खट्‌कन काहीतरी दाबलं, पिशवी टाकली आणि मी पुढे व्हायच्या आत झाकण बंद करून गेली. अलास्कातली अस्वलं आणि मी एकाच इयत्तेत.

गाडीत परत आलो. दुर्बीण अजून लांब झाडीत होती. आणि मग मी ते केलं.

आमच्या घरी ताटाबाहेर सांडलेलं शीत उचलून कपाळाला लावायची पद्धत होती. अन्नाला पाय लागला तर वडील कान धरून नमस्कार करायला लावायचे. मी त्या घरातला. मी संडासाच्या भांड्यात अर्धा कुकर खिचडी ओतली आणि पायाने पेडल दाबलं. पायाने! झडप उघडली, 'लप्प' असा आवाज झाला आणि सगळं खाली गेलं. मी मनातल्या मनात नमस्कार केला, पण कुणाला आणि कुठल्या दिशेने करायचा ते कळेना.

बायको आली. रिकामा कुकर पाहून तिचा चेहरा उजळला. "संपवलीस?"

"मस्त झाली होती."

"बघ. मी म्हटलं नव्हतं? पोटाला हीच बरी." आणि कौतुकाने दुसऱ्या दिवशी तिने जास्त केली.

असे चार दिवस. रोज खिचडी, रोज तिचं पक्षिनिरीक्षण, रोज माझं पेडल. पाणीही मी जपून ओतायचो. मुंबईत वाढलेल्या माणसाचा हात नळाखाली आपोआप आखडतो. मग भूक लागली की "टायरमधली हवा बघून येतो" म्हणून पेट्रोल पंपावर जाऊन काचेच्या पेटीत फिरणारं सॉसेज खायचो. रेनडिअरचं होतं म्हणे. ते कधीपासून फिरत होतं देव जाणे. दाताखाली आलं की कोमट चरबीची पिचकारी टाळ्यावर उडायची. मी ते पंपामागे, कचऱ्याच्या ढिगाशेजारी, बायकोला दिसू नये म्हणून वाकून खायचो. खिचडी नको म्हणायचं धाडस नाही, म्हणून चाळिशीचा माणूस असा उकिरड्याआड उभा. मला स्वतःची किळस आली, पण दुसरं सॉसेज घेतलंच.

गाडी चालवताना बायको शेजारी नकाशा घेऊन बसायची. आम्ही आता उत्तरेला, देनालीच्या डोंगराकडे निघालो होतो.

"तीन दिवस झाले," ती म्हणायची.

"हो ना. काय प्रदेश आहे!"

"मी प्रदेशाबद्दल बोलत नाहीये."

"तो बघ, तो डोंगर बघ!"

"ढग आहे तो."

ढगच होता. डोंगर आम्हाला एकदाही दिसला नाही.

चौथ्या दिवशी वास सुरू झाला. आधी हलका, आंबूस. बायकोने फ्रिज उघडून हुंगला, बेसिनखाली वाकून हुंगलं. "इडलीचं पीठ उतू गेल्यासारखं येतंय," ती म्हणाली. "पण इडलीचं पीठ कुठाय आपल्याकडे?"

"नदीतले मासे असतील," मी म्हणालो.

"इथे नदी कुठाय?"

"वारा आला की लांबून येतो वास."

पाचव्या दिवशी सकाळी मी पेडल दाबलं आणि काहीच खाली गेलं नाही. उलट खालून एक बुडबुडा वर आला, मोठा, सावकाश, आणि फुटला. त्यातून जो वास सुटला त्याचं वर्णन करायला मराठीत दुर्गंधी हा एकच शब्द आहे आणि तो पुरत नाही. भात, डाळ, हिंग, आणि दोन माणसांचं पाच दिवसांचं जे काही असतं ते, सगळं एकत्र आंबून हीटरच्या उबेत फुगलं होतं. भिंतीवरचे टाकीचे चारही दिवे पेटले होते. म्हणजे टाकी गळ्यापर्यंत भरली.

"काय झालं?" बाहेरून बायको.

"काही नाही. उंचीमुळे हवेचा दाब..."

"उंची? आपण नदीच्या खोऱ्यात आहोत."

मग ती आत गेली, आणि तिच्या किंचाळण्याने शेजारच्या तंबूतले लोक उठून अस्वल शोधायला लागले.

डोंगराखालच्या एका छोट्या गावात पेट्रोल पंपामागे टाक्या रिकाम्या करायची जागा होती. जमिनीत एक भोक, शेजारी नळ, आणि आमच्यामागे लगेच चार मोटरहोमांची रांग. मी गाडीखालचा जाडा पाइप ओढून काढला आणि टाकीला लावायला लागलो. मागच्या गाडीतून एक आजोबा उतरले. पांढऱ्या मिशा, कोपरापर्यंत केशरी रबरी हातमोजे. सहा वर्षं घरदार विकून मोटरहोममध्येच राहत होते. मैल्याकडे ते आपण दुधाच्या पिशवीकडे बघतो तितक्या शांतपणे बघत होते.

"पहिल्यांदाच का?" त्यांनी विचारलं.

"नाही, नाही, जमतं मला."

त्यांनी माझा पाइप पाहिला, मला पाहिलं, आणि स्वतःच्या डब्यातून प्लास्टिकचा एक वाकडा जोड काढला. काचेसारखा पारदर्शक. "हा मध्ये लाव. आत काय वाहतंय ते दिसतं. नुसतं पाणी यायला लागलं की समजायचं, साफ झालं." मला काय कल्पना, तो जोड म्हणजे माझ्याविरुद्धचा साक्षीदार होता! मी थँक्यू म्हणून तो लावला. घाईत लावला. त्याची कडी पूर्ण फिरवायची असते हे मला नंतर कळलं.

टाकीचा खटका ओढला. काही नाही. परत ओढला. गाडीच्या पोटात गुरगुर झाली. मग त्या पारदर्शक जोडात, फार सावकाश, टूथपेस्ट यावी तसं, काहीतरी पिवळं सरकत आलं.

आजोबा वाकले. सहा वर्षांत त्यांनी पुष्कळ पाहिलं असणार, पण हे नव्हतं पाहिलं. "अरे बाबा," ते म्हणाले, "तुम्ही लोक खाता तरी काय?"

एवढ्यात बायको रुमाल नाकाला लावून मागून आली. "काय दिसतंय?" म्हणून तीही वाकली. मी मध्ये उभं राहायचा प्रयत्न केला, तिने मला कोपराने बाजूला सारलं. आत पिवळ्या लगद्यात मोहरी होती. शेंगदाणे होते. आणि जोडाच्या भिंतीला आतून चिकटलेलं, काळपट हिरवं, पण अख्खं, कढीपत्त्याचं पान होतं.

तिने ते पान नीट निरखलं. कॉलेजातल्या मुलांना पानं ओळखायला शिकवलेली बाई.

"हे माझ्या झाडाचं पान आहे," ती म्हणाली. मग आणखी वाकून, "आणि हे कुणाच्या पोटातून आलेलं नाही. चावलेलंसुद्धा नाही."

मला काहीतरी करायला हवं होतं. म्हणून मी खटका जोरात हिसडला. माझ्या आयुष्यातले बहुतेक अपघात 'काहीतरी करायला हवं' या भावनेतून झाले आहेत. आतला दट्ट्या सुटला, कडी उडाली, जोड निखळला आणि पाच दिवसांचा ऐवज माझ्या गुडघ्यांवर, पायांवर, बुटांत आला. गरम. हे कुणी सांगत नाही. ते गरम असतं. आजोबांनी अनुभवी माणसाच्या चपळाईने दोन पावलं मागे घेतली होती. मोज्यात बोटांच्या मध्ये मला भाताचं शीत न्‌ शीत कळत होतं. रांगेतल्या गाड्यांच्या काचा एकेक करून वर गेल्या.

मी तसाच उभा. हलावं तर पसरतंय.

बायको म्हणाली, "किती दिवस टाकतोयस?"

"पहिल्या दिवसापासून."

"इथे आल्याच्या, की लग्नाच्या?"

नेहमीचं काहीतरी गोड तोंडाशी आलं होतं. पण त्या वासात तोंड उघडणंच इतकं महाग पडत होतं, की खोट्यासाठी वेगळा श्वास घ्यायची ताकद नव्हती.

"लग्नाच्या," मी म्हणालो. "टाकली इथेच. आवडली नाही पहिल्यापासून."

"डावीकडे फिरव," आजोबा लांबून ओरडले. "कडी डावीकडे!" त्यांना वाटलं आम्ही कडीबद्दल बोलतोय.

मी वाकून खटका बंद केला, जोड परत बसवला आणि कडी डावीकडे फिरवली. बायको तिथेच उभी होती. रडत नव्हती, हसतही नव्हती.

"मला आवडते ती खिचडी," ती म्हणाली. "माझ्यापुरती केली असती. बारा वर्षं तुझ्यासाठी म्हणून दुप्पट करतेय. एकदा सांगायचं होतंस."

"तुला वाईट वाटलं असतं."

"एक दिवस वाटलं असतं! आणि आता बघ." तिने माझ्या पायांकडे हात केला. मग म्हणाली, "बरं, एवढं बाहेर आलंच आहे तर तेही सांगून टाक. मी जाऊ की नको?"

"इथे? आत्ता?"

"इथून तू कुठे पळणार आहेस? पाऊल उचलून दाखव."

मी खाली पाहिलं. खरंच होतं.

"जाऊ नकोस," मी म्हणालो. "मला नकोय तू गेलेली. घरात एकटं राहायची मला भीती वाटते. आणि माझ्यामुळे थांबलीस असं नंतर ऐकावं लागेल, त्याचीही भीती वाटते. म्हणून काहीच बोलत नव्हतो. दोन्हीकडून सुटायला बघत होतो."

"आता उघड!" आजोबा ओरडले. "सावकाश!"

मी सावकाश खटका उघडला. पाइप फुगला, गुरगुरला, आणि उरलेलं सगळं जमिनीतल्या भोकात जायला लागलं. त्या आवाजामुळे बायकोला जोरात बोलावं लागलं.

"मी जाणार आहे," ती म्हणाली. "तू जा म्हणाला असतास तरी गेले असते, नको म्हणाला असतास तरी गेले असते. सात वर्षं दुसऱ्यांच्या कुंड्यांना पाणी घातलं मी. मला फक्त बघायचं होतं, आपला नवरा नेमका कुठे उभा आहे."

"मैल्यात," मी म्हणालो.

तिच्या नाकावरचा रुमाल हलला. त्याखाली हसू होतं की मळमळ, ते मला आजतागायत माहीत नाही.

आजोबांनी मला नळाखाली उभं केलं आणि हिमनदीतून थेट आलं असावं अशा पाण्याने कंबरेपासून खाली धुऊन काढलं, जसं म्हशीला धुतात. बूट मी तिथेच टाकले. यावेळी पेटी बायकोने उघडून दिली. जोड परत करायला गेलो तर आजोबा म्हणाले, "राहू दे तुझ्याकडे," आणि हातमोजेही तिथेच काढून ठेवून गेले. मोटरहोममध्ये सहा वर्षं काढलेल्या माणसाला त्या जोडाला हात लावावासा वाटला नाही.

गावात पैसे टाकून अंघोळ करायची सोय होती. मी तीनदा केली. साबण संपला, वास गेला नाही; नंतर कितीतरी आठवडे ऑफिसच्या लिफ्टमध्ये मला तो यायचा आणि मी बाकीच्यांच्या तोंडाकडे चोरून बघायचो. बाहेर आलो तर बायको रस्त्यापलीकडच्या लाकडी खोलीकडे बोट दाखवत होती. गावची लायब्ररी. आत दोन कॉम्प्युटर, अर्धा तास इंटरनेट फुकट, आणि भिंतीवर मूस नावाच्या थोराड सांबराचं पेंढा भरलेलं डोकं, ज्याच्या नाकपुडीत कोळ्याने जाळं केलं होतं.

मी पायात तिच्या रबरी चपला घालून शेजारच्या खुर्चीवर बसलो. टाचा निम्म्या बाहेर. ती टाइप करत होती, थांबत होती, खोडत होती. कॉलेजला उत्तर : जानेवारीत रुजू होते, एक वर्षासाठी येते, पुढचं वर्षअखेरीस ठरवून कळवीन. सुरुवातीला 'एक वर्षासाठी' नव्हतं. ते तिने मागे जाऊन घातलं. घालताना माझ्याकडे पाहिलं नाही.

लिहून झाल्यावर तिने खुर्ची मागे घेतली आणि पडदा माझ्याकडे वळवला. असं तिने पूर्वी कधी केलं नव्हतं.

"वाच. कसं झालंय?"

मी दोनदा वाचलं.

"दुसरं वाक्य फार लांबलंय," मी म्हणालो. "आणि मला वाईट वाटतंय."

तिने दुसरं वाक्य तोडून त्याची दोन केली, आणि पाठवून दिलं.